मोटार गप्प होती त्या रात्री: मनोरुग्ण नायकाची गुन्हेकथा कशी रचावी, कशी चित्रित करावी

लघुपट स्पर्धांसाठी येणाऱ्या गुन्हेकथांत एक चूक वारंवार दिसते. खून कुणी केला याचा शोध वीस मिनिटं चालतो आणि शेवटी कळतं, की गावातल्या ‘वेड्या’नं केला. हे उत्तर आलं की कथेतला जीव जातो. वेडाला हेतू लागत नाही असं लेखकानं गृहीत धरलेलं असतं, आणि हेतूच नसेल तर आधीचा सगळा तपास वाया. शिवाय ते वास्तवालाही धरून नाही. गंभीर मानसिक आजार असलेली बहुसंख्य माणसं कुणावर हात उगारत नाहीत, उलट मार खाणाऱ्यांत आणि लुबाडल्या जाणाऱ्यांतच ती जास्त सापडतात.

म्हणून पहिली पायरी: नायकाला आरोपी करू नका, साक्षीदार करा. त्याला काहीतरी खरं माहीत आहे, पण ते त्याच्या भासांत मिसळलेलं आहे आणि गावात त्याच्या शब्दाला किंमत नाही. ‘कुणी मारलं’ यापेक्षा ‘याचं कोण ऐकणार’ हा ताण पंचवीस मिनिटं सहज पेलतो.

पुढचं सगळं एका काल्पनिक कथेच्या आधारानं सांगतो. लातूर-अंबाजोगाई रस्त्यालगतचं गाव. बालाजी, वय ३४, डी.एड. झालेला, बाविसाव्या वर्षापासून आजारी. घरात जागा नाही म्हणून आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या खोपटात, झोपतो. येळवसीच्या (वेळा अमावस्येच्या) रात्रीनंतर त्याचा चुलता, तात्या, विहिरीत मेलेला सापडतो. चुलतभाऊ सांगतो, लाईट आली म्हणून तात्या विहिरीवरची मोटार लावायला गेले आणि पाय घसरला.

आजार नेमका ठरवा

‘मानसिक रुग्ण’ एवढ्यावर संहिता लिहायला बसू नये. कोणता आजार, किती वर्षं, गोळ्या चालू की बंद, हे चार ओळींत लिहून भिंतीवर लावा. बालाजीला स्किझोफ्रेनिया आहे. मराठीत याला कधी ‘दुभंगलेलं व्यक्तिमत्त्व’ म्हटलं गेलं आणि त्यातून मोठा घोळ झाला. एका माणसात दोन माणसं राहणं म्हणजे स्किझोफ्रेनिया नव्हे. यात भास होतात, बहुधा कानाचे. पक्के संशय बसतात, बोलण्याची संगती सुटते आणि हळूहळू उमेद, बोलणं, चेहऱ्यावरचे भाव ओसरतात. पुरुषांत सुरुवात बहुतेक वेळा विशीच्या आगेमागे होते. चाळिशीतल्या धडधाकट माणसाला एका धक्क्यानं रात्रीत स्किझोफ्रेनिया झाला, असं लिहिलंत तर पहिल्याच प्रसंगात जाणकार प्रेक्षक उठून जाईल.

गोळ्यांचा हिशेबही असाच चुकतो. रिस्पेरिडोन किंवा ओलान्झापिनसारखं औषध सुरू केल्यावर नीट उतार दिसायला काही आठवडे लागतात. औषध सोडलं तरी आजार त्याच रात्री उसळत नाही, बहुतेकदा काही आठवडे ते महिने जातात. कथेत गोळ्या सुटायला हव्या असतील तर ते खुनाच्या आदल्या दिवशी ठेवू नका, दिवाळीच्या सुमारास ठेवा: सोयाबीनची रास, मळणीची घाई, अंबाजोगाईच्या सरकारी दवाखान्याची तारीख हुकली. कारण साधं ठेवलं की पटतं. पडद्यावर औषधाची मात्रा मात्र दाखवू नका. बघणारा कुणीतरी ती घरी वापरून बघतो.

आता या कथेचा कणा. मनोविकारशास्त्रात भासाचा एक प्रकार नोंदलेला आहे, ज्यात खरा आवाज चालू असतो तेवढाच वेळ भास होतो. नळ वाहतो तोवर शिव्या ऐकू येतात, नळ बंद केला की शिव्या बंद. माणसाला दोन्ही एकाच वेळी ऐकू येतं, पाणीही आणि शिव्याही. बालाजीच्या बाबतीत नळाच्या जागी विहिरीवरची मोटार ठेवा. त्याच्या जबाबात तीन गोष्टी येतील:

‘तात्याला टावरवाल्यांनी नेलं. रोज राती मोटार मला शिव्या द्यायलीय. त्या राती काईच बोल्ली न्हाई, गप झोपलो मी.’

पहिलं वाक्य संशयाचं, दुसरं भासाचं, आणि तिसरं कथेतला सगळ्यात भक्कम पुरावा. मोटार चाललीच नव्हती, म्हणजे लाईट आलीच नव्हती, म्हणजे चुलतभाऊ खोटं बोलतोय. हवालदार वहीत फक्त टॉवरचं लिहितो आणि पान उलटतो. हा प्रसंग घाई न करता लिहा, तीन मिनिटं द्या. प्रेक्षकालाही तिसरं वाक्य तिथं कळता कामा नये, म्हणून ते बोलताना बालाजीला चहा येतो, बशी वाजते, कुत्रं भुंकतं. ऐकू सगळं आलं पाहिजे, लक्ष मात्र दुसरीकडं गेलं पाहिजे.

विजेची भोकं बुजवा

गावाकडचा प्रेक्षक कायद्याची चूक एक वेळ माफ करील, मोटारीची करणार नाही. त्यामुळे हे आधी तपासा.

मोटार पाणबुडी असेल तर कथा तिथंच पडते, कारण तिचा आवाज वर जेमतेम येतो. मोनोब्लॉक, म्हणजे पाण्याबाहेर बसवायची मोटार हवी. ती पाणी वर ओढताना व्यवहारात सात-आठ मीटरच्या पलीकडं कमी पडते, म्हणून खोल विहिरीत ती काठावर नसते, आतल्या टप्प्यावर बसवलेली असते आणि पाणी खाली जाईल तशी खाली न्यावी लागते. यामुळे माणसाला रात्री पायऱ्या उतरायचं कारण मिळतं आणि पाय घसरल्याची थापही खरी वाटते.

दुसरं भोक स्टार्टरच्या ऑटोचं. लाईट आली की मोटार आपोआप चालू करणारा ऑटो आज घरोघर आहे. मग तात्या कशाला गेला? उत्तर आधीच पेरून ठेवा: फूटव्हॉल (पाइपाच्या तळाची झडप) गळतो, पाइपातलं पाणी उतरून जातं, मोटार हवा घेते, म्हणून दर वेळी हातानं पाणी भरावं लागतं. सुरुवातीच्या एखाद्या प्रसंगात तात्या बादलीनं पाणी ओतताना दिसला की काम झालं. स्पष्टीकरणाचा संवाद नको.

तिसरं: लाईट गेली तर गावाला कळलं कसं नाही? गावठाणाचा फीडर (वीजवाहिनी) वेगळा, शेतीचा वेगळा. शेतीची थ्री फेज आठवड्याच्या पाळीनं कधी दिवसा, कधी रात्री येते. खुन्याला पाळी माहीत होती, त्या आठवड्यात ती रात्रीची होती. तो गावात होता, घरात दिवे लागलेले होते, म्हणून शेतातही लाईट असणार असं त्यानं धरलं. जंप (खांबावरची जोडतार) तुटल्यामुळं शेतीचा फीडर मध्यरात्रीपासून पहाटेपर्यंत बंद होता हे त्याला ठाऊकच नाही. ते लाईनमनला ठाऊक आहे आणि उपकेंद्राच्या नोंदवहीत वेळेसह लिहिलेलं आहे. शेवटचा पुरावा ही वही. डीएनए नाही, मोबाइलचं लोकेशन नाही, निळ्या शाईतली एक ओळ.

येळवस यासाठीच निवडली. अमावस्या म्हणजे चांदणं नाही. दिवसभर भज्जी आणि आंबिल खाऊन, शेतात फिरून माणसं थकलेली, त्या रात्री पाणी द्यायला जाणारे थोडे, म्हणून फीडर बंद असल्याची चर्चा होत नाही.

पोलिसांचा क्रम

मराठी गुन्हेकथांतले पोलिस बऱ्याचदा हिंदी सिनेमातून आलेले असतात. खेड्यातला खरा क्रम हळू आणि कागदी असतो, आणि त्यातच नाट्य आहे. पोलीस पाटील ठाण्याला खबर देतो. बीट अंमलदार येतो. गळ टाकून प्रेत काढतात. थंडीत प्रेत आपोआप वर यायला उन्हाळ्यापेक्षा जास्त दिवस लागतात, तेव्हा सकाळी चप्पल दिसली आणि तरंगतं प्रेतही दिसलं असं करू नका. आकस्मिक मृत्यूची नोंद होते, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ प्रमाणे पंचांसमक्ष मरणोत्तर पंचनामा होतो, आणि प्रेत शवविच्छेदनाला जातं. खुनाचा गुन्हा पहिल्या दिवशी दाखल होत नाही. तुमच्या कथेचा मधला भाग म्हणजे आकस्मिक मृत्यूपासून खुनापर्यंतचा कागदाचा प्रवास.

कथा १ जुलै २०२४ नंतर घडत असेल तर नवे कायदे लागतील, खून म्हणजे भारतीय न्याय संहितेचं कलम १०३. त्याआधीची घटना असेल तर ३०२ च म्हणा. संवादात दोन्हींची सरमिसळ हटकून होते, शेवटच्या वाचनात फक्त कलमांसाठी एक फेरी मारा.

शवविच्छेदनाचा मुद्दा थोडक्यात. आधी मारून विहिरीत टाकलेल्या माणसाच्या श्वासनलिकेत बुडणाऱ्याचा बारीक फेस मिळत नाही. हाडाच्या मगजातल्या डायटमची (पाण्यातल्या सूक्ष्म शैवालाची) तपासणी करायची तर विहिरीच्या पाण्याचा नमुनाही सोबत पाठवावा लागतो. तो पाठवायचा राहून गेला, एवढी चूक तपास रखडायला पुरते. अहवाल छत्रपती संभाजीनगर किंवा नांदेडच्या न्यायसहायक प्रयोगशाळेतून येतो आणि वाट पाहायला लावतो. पुढच्या प्रसंगात ‘रिपोर्ट आला साहेब’ नको.

बालाजीचा जबाब कुठं घ्यायचा, हे मात्र नीट लक्षात घ्या. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७९ नुसार मानसिक अपंगत्व असलेल्या माणसाला साक्षीसाठी ठाण्यात बोलावता येत नाही, तो राहतो तिथं पोलिसांनी जायचं. म्हणजे तो जबाब आखाड्यावर होईल: बाज, चहा, दूरवर टॉवर, खाली विहीर. कायदा पाळल्यानं प्रसंग जास्त चांगला झाला. हवालदारानं त्याला बळजबरीनं ठाण्यात नेलेलं दाखवायचं असेल तर जरूर दाखवा, पण ती बेकायदा गोष्ट आहे हे कथेतल्या कुणाला तरी माहीत असू द्या.

कोर्टात त्याची साक्ष चालेल का? चालते. साक्ष अधिनियमाच्या कलम १२४ प्रमाणे मनोरुग्ण असणं एवढ्यावरून कुणी साक्षीला अपात्र ठरत नाही. प्रश्न समजून सुसंगत उत्तर देता येतं का, एवढंच न्यायाधीश बघतात. खुनी पक्षाचा वकील इथंच घाव घालणार, आणि सरकारी वकिलानं फक्त दोन प्रश्न विचारायचे: मोटार कधी बोलते? त्या रात्री बोलली का?

गावानं खून बालाजीवरच ढकलला, असं उपकथानक घ्यायला हरकत नाही. मग दोन गोष्टी सांभाळा. पोलिसांपुढचा कबुलीजबाब पुरावा होत नाही, त्यामुळे ‘त्यानं कबूल केलं’ इथं खटला संपत नाही. आणि आजार आहे म्हणून आपोआप सुटका होत नाही. न्याय संहितेचं कलम २२, जुनं ८४, विचारतं ते कृत्याच्या क्षणाबद्दल: आपण काय करतोय, ते चूक किंवा बेकायदा आहे, हे त्याला कळत होतं का? १९६४ च्या दह्याभाई ठक्कर खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं हे सिद्ध करण्याचा भार आरोपीवर ठेवला, पण दिवाणी दाव्याइतक्या संभाव्यतेपुरता. या मुद्द्यावर सुटलेला माणूसही थेट घरी जात नाही. न्यायालय त्याला सुरक्षित ठिकाणी ठेवण्याचा आदेश देतं किंवा हमी घेऊन नातेवाइकाच्या ताब्यात देतं.

साखळदंड, बिनभुलीचा विजेचा झटका, लॉकअपमधला मनोरुग्ण, ही तीन दृश्यं आजच्या काळातल्या कथेत सवयीनं येतात. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानं साखळीला आणि भूल न देता दिलेल्या झटक्याला बंदी केली. रस्त्यावर भटकणारा रुग्ण संरक्षणाखाली घेतला तर त्याला लॉकअपमध्ये न ठेवता २४ तासांच्या आत जवळच्या सरकारी आरोग्य संस्थेत न्यायचं बंधन पोलिसांवर आहे. राज्याची जुनी चार प्रादेशिक मनोरुग्णालयं ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरीला, चारही मराठवाड्याबाहेर. ‘येरवड्याला नेऊन टाका’ या वाक्यातलं अंतर इथल्या माणसाला कळतं, तेवढं एक वाक्य पुरे.

बोली आणि हाका

नट पुण्याचा असला तरी चालेल, बोली उसनी चालणार नाही. लातूर-औशाकडचं ‘जायलाव, करायलाव’ आणि परभणी-जिंतूरकडचं ‘मव्हं, कामून’ एका घरात मिसळू नका. गाव ठरवा आणि त्या गावच्या एका बाईकडून सगळे संवाद मोठ्यानं वाचून घ्या. बाईकडून अशासाठी, की नटांना शिकवायला येणारे पुरुष बऱ्याचदा विनोदी मराठवाडी बोलतात, घरातली नाही.

हाका तर लिहून काढाच. आई ‘बालू’ म्हणते, गाव ‘बाल्या’, वहिनी अजूनही ‘भावजी’. ‘तुम्ही’ म्हणणारी एकच व्यक्ती, दवाखान्यातल्या डॉक्टर. शेवटी लाईनमन आखाड्यावर येऊन ‘बालाजीराव, त्या राती मोटार खरंच बंद होती का हो?’ असं विचारतो. या एका ‘हो’साठी आधीची वीस मिनिटं राखून ठेवायची आहेत, त्याआधी दवाखान्याबाहेर कुणीही त्याला आदरानं हाक मारू नये.

‘बाहेरचं’, करणी, भानामती हे विषय येणारच. घरच्यांची टवाळी करू नका. ज्या आईनं पोराला देवऋषाकडं नेलं तिनंच एसटीनं अंबाजोगाईलाही नेलं. एकाच कॅरीबॅगेत अंगाऱ्याची पुडी आणि दवाखान्याचा केसपेपर दाखवा, चार सेकंद.

नटाची तयारी

डोळे फिरवणं, एकटंच खदाखदा हसणं, विस्कटलेले केस, हे सगळं काढून टाका. वर्षानुवर्षं गोळ्या घेणारा माणूस बहुधा थोडा स्थूल असतो, चालताना त्याचे हात कमी हलतात, बोटांना कंप असतो, तोंड कोरडं पडतं, एका जागी बसवत नाही म्हणून तो पाय बदलत राहतो. प्रश्न विचारल्यावर उत्तर दोन-तीन सेकंद उशिरा येतं. हा उशीर सगळ्यात महत्त्वाचा, आणि संकलक तो हमखास कापतो. त्याला आधीच सांगून ठेवा.

एक सराव उपयोगी पडतो. नटाच्या दोन्ही कानांशी दोघांनी बसून हळू आवाजात सतत बोलायचं, एकानं हिणवायचं, दुसऱ्यानं त्याच्या प्रत्येक हालचालीचं वर्णन करायचं. समोरच्यानं साधी चौकशी करायची: नाव, गाव, काल काय जेवलास. तीन मिनिटं, जास्त नाही. ज्याला स्वतःला किंवा घरात कुणाला हा त्रास झालाय त्याच्यावर हा सराव करू नये. खऱ्या वॉर्डात जाऊन रुग्णांचं निरीक्षण किंवा चित्रण तर अजिबात नको. उपचार घेणाऱ्याचा फोटो किंवा माहिती त्याच्या संमतीशिवाय प्रसिद्ध करायला कायद्यानं मनाई आहे. त्याऐवजी मनोविकारतज्ज्ञाला किंवा मनोसामाजिक कार्यकर्त्याला मानधन देऊन पूर्ण संहिता वाचायला द्या, चित्रीकरणाच्या महिनाभर आधी, म्हणजे बदलाला वेळ राहतो.

चित्रीकरण आणि आवाज

२२ ते २५ पानं, १४-१५ प्रसंग, चार दिवस आणि दोन रात्री. येळवस वर्षातून एकदाच येते, डिसेंबर-जानेवारीत, म्हणून त्या दिवशी दोघांनी जाऊन फक्त वातावरण टिपा: कडब्याची खोप, भज्जीची पातेली, संध्याकाळी पेटती पेंढी घेऊन शेताभोवती फिरणारी माणसं. उरलेलं काम ज्वारी उभी आहे तोवर, म्हणजे फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत आटपा. काढणी सुरू झाली की मागचं शेत रोज बदलतं आणि प्रसंग जुळत नाहीत.

आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणून सेकंदाला २५ फ्रेम आणि शटर १/५०, नाहीतर ठाण्यातल्या ट्यूब लुकलुकतात. अमावस्येच्या रात्री निळं चांदणं पाडू नका. उजेड पात्राच्या हातातल्या बॅटरीचा आणि दूर गावाच्या दिव्यांचा. समोर पांढरं धोतर किंवा चुना लावलेली भिंत असेल तर बॅटरीचा उजेड परतून चेहऱ्यावर येतो आणि वेगळा दिवा लागत नाही.

विहिरीच्या काठावर रात्री नट उभा करायचा नाही. पडण्याचा आवाज वाळूचं पोतं टाकून वेगळा घ्या. स्टार्टरशी काम असेल तर फ्यूज काढून स्वतःच्या खिशात ठेवा, ‘बंद केलंय’ या शब्दावर विसंबू नका. ग्रामपंचायत आणि पोलीस ठाण्याला आधी पत्र द्या. खाकी वर्दी फक्त चित्रीकरणाच्या जागेवर, टपरीवर चहाला जाताना ती अंगावर नको.

मोटारीच्या शिव्यांत घुमारा आणि भुताटकीचा सूर घालू नका. रुग्णांना ऐकू येणारे आवाज बऱ्याचदा स्पष्ट, बाहेरून आल्यासारखे आणि ओळखीच्या माणसांचे असतात. मोटारीचा घुमणारा आवाज सलग दहा मिनिटं ध्वनिमुद्रित करा. शिव्या गावातल्याच दोन-तीन जणांच्या आवाजात, नेहमीच्या बोलण्याच्या सुरात घ्या आणि संवादापेक्षा साधारण सहा डेसिबल खाली ठेवा. त्यांची लय मोटारीच्या ठेक्यावर बसवा. मोटार थांबली की शिव्या त्याच क्षणी तुटल्या पाहिजेत, विरत जाता कामा नये. हा तुकडा पहिल्या पाच मिनिटांत एकदा येऊ द्या, तरच शेवटी प्रेक्षकाला शांततेचा अर्थ लागेल. खुनाच्या रात्री पार्श्वसंगीत नको, रातकिडे आणि बालाजीचा झोपेतला श्वास, बस.

पहिला खेळ अशा आजाराच्या रुग्णांची काळजी घेणाऱ्या पाच-सहा कुटुंबांना दाखवा आणि ते कुठं अवघडले ते वेळेसह टिपा. श्रेयनामावलीत टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा मोफत क्रमांक १४४१६ किमान पाच सेकंद ठेवा. गावात पडद्यावर दाखवताना बहुतेकदा एकच स्पीकर असतो, तिथं डावा-उजवा भेद जातो आणि शिव्या मोटारीत बुडतात. म्हणून एका स्पीकरसाठी वेगळी प्रत काढा, तीत शिव्या तीन डेसिबल वर घ्या, आणि खेळाच्या आधी मागच्या रांगेत बसून ऐका.